टर्बोच्या अलीकडे की पलीकडे

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची खात्री देता येत नाही. घाटाला अकरा वळणे होती की तेरा, यावरून मी स्वतःशीच अनेकदा वाद घातला आहे. माणसांची बोलणी मात्र आठवतात, निदान तसे वाटते. पण फार वर्षे आठवणीत राहिलेली बोलणी थोडी आपल्या सोयीची झालेली असतात, तेव्हा वाचणाऱ्याने सावध असावे. गोष्टीत एक प्राध्यापक आहे. तो मीच. तरी त्याला मी ‘तो’ म्हणणार आहे, कारण ‘मी’ म्हटले की माणूस स्वतःला सवलत देऊ लागतो.

घाटाच्या पायथ्याला खांबोळी नावाचे गाव होते. तिथे दाजीसाहेब खराडे यांचा कौलांचा कारखाना होता. दाजीसाहेब उदार होते. गावात दवाखाना नव्हता, तो घाट चढून वरच्या गावात. म्हणून त्यांनी आपली मोठी डिझेल गाडी गावाला मोकळी ठेवली होती. कोणाला साप चावो, कोणाला कळा येवोत, गाडी दारात उभी. तिच्यावर भिकाजी गुरव नावाचा ड्रायव्हर होता. दाजीसाहेब सर्वांना सांगत, “आमची गाडी वीस मिनिटांत वर पोचते.” हे सांगताना त्यांना जे सुख होई, ते त्यांच्या उदारपणाहून थोडे मोठे होते.

वीस मिनिटांत पोचावी म्हणून त्यांनी शहरातून गाडीची ताकद वाढवून आणली होती. गाडीला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या जोरावर फिरणारे चाक. ते फिरते आणि इंजिनात जास्त हवा कोंबते. हवा जास्त, डिझेल जास्त, ताकद जास्त. पण त्याबरोबर इंजिनाच्या आतली आचही जास्त. ती फार वाढली तर आतले पिस्टन वितळतात.

हे गावातल्या कासम मिस्त्रीला कळत होते. कासम चौथीपर्यंत शिकलेला. त्याने गाडीत उष्णता मोजणारा एक सेन्सर बसवला. बोटाएवढी कांडी, तिचे टोक थेट जळक्या वायूत. जागा निवडली ती टर्बोच्या अलीकडे, इंजिनातून वायू निघतो तिथेच. ड्रायव्हरपुढे एक काटा बसवला आणि त्याच्या काचेवर सातशे अंशांपाशी लाल रंगाची रेघ ओढली. भिकाजीला म्हणाला, “काटा रेघेला लागला की पाय उचलायचा. गाडीत कोणी का बसलेलं असेना.”

भिकाजीने ते मनावर घेतले. त्याला कारण होते. त्याची बायको अंजना सहाव्या महिन्यात होती. आधीची दोन मुले राहिली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते, या खेपेला कळा सुरू झाल्या की घरी थांबायचे नाही, तासाभरात वर आणायचे.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ घातली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिले. दाजीसाहेबांकडे नवे व्याही आले होते. त्यांना घाटावरच्या देवळात न्यायचे ठरले. गाडीत सहा माणसे बसली, मागे फराळाचे डबे. पाचव्या वळणावर काटा रेघेला लागला. भिकाजीने पाय उचलला. गाडी मंदावली. तेवढ्यात मागून दुधाचा टेम्पो आला, भोंगा वाजवत पुढे निघून गेला. टेम्पोवाल्याने हातही केला.

व्याही खिडकीतून बघत म्हणाले, “दाजीसाहेब, टेम्पोच घ्यायचा होता की.”

सगळे हसले. दाजीसाहेबही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कासमच्या शेडमध्ये येऊन उभे राहिले.

“मिस्त्री, हा काटा जरा खाली आण.”

“काटा खाली आणायचा उपाय भिकाजीच्या पायात आहे, दाजीसाहेब. पाय उचलला की येतो खाली.”

“आणि टेम्पो जातो पुढं.”

“जाऊ द्या की. त्याला दूध नासायच्या आत पोचायचं असतं.”

दाजीसाहेबांना ही थट्टा रुचली नाही. ते म्हणाले, “शहरात विचारून आलोय मी. तिकडं सेन्सर टर्बोच्या पलीकडं लावतात, सायलेन्सरच्या बाजूला. अलीकडं लावला आणि त्याचं टोक तुटलं, तर ते चाकात जातं. चाकाच्या ठिकऱ्या होतात. ते कसं सांगितलं नाहीस?”

“तुटायला तो काय काचेचा आहे? चांगला बघून बसवलाय. दरसाल काढून तपासू. पलीकडं लावला तर तुटायची भीती नाही, हे खरं. पण मग तो बघणार काय? चाक फिरवून फिरवून दमलेला, निवलेला वायू.” कासमने हातातले फडके खांद्यावर टाकले. “तुमच्या भट्टीचा ताव तुम्ही कुठं बघता, दाजीसाहेब? भट्टीच्या आत, का धुराड्याच्या तोंडाशी?”

प्रश्न बरोबर होता. आयुष्यभर कौले भाजणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर झोपेतही देता आले असते. दाजीसाहेबांनी ते दिलेही, पण वेगळे.

“भट्टीपुढं माझे व्याही बसत नाहीत,” ते म्हणाले.

मग ठरले की प्राध्यापकाला विचारायचे. तो याच गावचा. शहरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा, दिवाळीच्या सुटीसाठी आला होता. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेला. उष्णता आणि इंजिने हाच त्याचा विषय, सतरा वर्षे तो हेच शिकवत होता. दाजीसाहेबांनी त्याला बोलावून घेतले, कारखान्याच्या कचेरीत आपल्या शेजारी खुर्ची दिली, चहा मागवला. कासम आणि भिकाजी उभे होते.

“प्रोफेसर, एका शब्दात सांगा,” दाजीसाहेब म्हणाले. “अलीकडे की पलीकडे?”

उत्तर एका शब्दाचेच होते आणि प्राध्यापकाला ते ठाऊक होते. अलीकडे. त्याच्या वर्गातल्या मुलाने पलीकडे असे लिहिले असते, तर त्याने गुण कापले असते. पण वर्गातल्या फळ्यावरचे इंजिन कधी बिघडत नाही. इथले इंजिन खरे होते. आपण ‘अलीकडे’ म्हणालो आणि टोक खरोखरच तुटले तर? लाख सेन्सरांत एखादा तुटतच असेल. तो नेमका हाच असेल तर? मग सारा गाव म्हणेल, प्राध्यापकाने सांगितले होते. शिवाय दाजीसाहेबांना कोणते उत्तर हवे आहे, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

प्राध्यापक म्हणाला, “तसे पाहिले तर दोन्ही जागांना आपापले फायदे आहेत.”

“सर, फायदा नाही विचारला,” कासम म्हणाला. “आच कुठं कळते ते विचारलंय.”

प्राध्यापकाने चष्मा काढून पुसला. मग त्याला एक तोड सुचली. तिचा त्याला त्या दिवशी फार आनंद झाला. तो म्हणाला, सेन्सर पलीकडे लावायला हरकत नाही. फक्त दोन जागांमधला फरक मोजायचा आणि लाल रेघ तेवढी खाली आणायची. म्हणजे तुटण्याची भीतीही नाही आणि सावधगिरीही राहिली.

लगेच गाडी काढली. कारखान्यापासून नदीच्या पुलापर्यंतच्या सपाट रस्त्यावर एका ठरावीक वेगाने नेली. अलीकडे काटा चारशे तीस दाखवत होता. कासमने इंजिन निवू दिले, सेन्सर काढला, पलीकडे भोक पाडून बसवला. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. काटा तीनशे चाळीस. फरक नव्वदचा.

“शंभर धरू,” कचेरीत परतल्यावर प्राध्यापक म्हणाला. “रेघ सहाशेवर आणा. दहा अंश जास्तच सांभाळले आपण.”

कासम म्हणाला, “सर, हे एकदा घाटात मोजू या. चढाला चाकाला मेहनत जास्त. मेहनत जास्त म्हणजे पलीकडं वायू आणखी निवलेला निघणार. फरक शंभराचा राहायचा नाही.”

हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते. प्राध्यापकाने वाचलेले होते. पुस्तकाचे पान त्याच्या डोळ्यांपुढे आले, पानावरची आकृतीसुद्धा आली. त्याने तोंड उघडले.

“घाटात कशाला?” दाजीसाहेब म्हणाले. “शंभर म्हणजे शंभर. सपाटीवर शंभर आणि चढाला दोनशे, असं कुठं असतं का? काय प्रोफेसर?”

प्राध्यापकाने उघडलेल्या तोंडाला चहाची कपबशी लावली. चहा निवला होता. घाटात पुन्हा मोजायचे म्हणजे सेन्सर पुन्हा अलीकडे बसवावा लागणार, म्हणजे अख्खा दिवस जाणार, दाजीसाहेब चिडणार. आणि कोणी सांगावे, फरक फारसा वाढणारही नाही. आपण उगाच काळजी करतो, असे त्याला घरी बायकोही म्हणायची. त्याने ही शंका आपल्या काळजीखोर स्वभावावर ढकलली आणि गप्प बसला.

बाहेर गाडीपाशी भिकाजी थांबला होता. त्याने विचारले, “सर, नक्की ना? दोन-तीन महिन्यांत हिला याच गाडीनं न्यायचं आहे.”

“हो,” प्राध्यापक म्हणाला. मग सवयीने पुढे जोडले, “ढोबळमानाने.”

भिकाजीला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असावा. पण इतक्या शिकलेल्या माणसाने तो म्हटल्यावर त्याने तो ‘नक्की’सारखाच ऐकला.

कासमने जुनी रेघ पेट्रोलने पुसली आणि सहाशेवर नवी ओढली.

त्यानंतर गाडी घाटात फार छान चढू लागली. काटा रेघेला लागेनासा झाला. भिकाजीला पाय उचलावा लागेना. दुधाचा टेम्पो मागे पडू लागला. दाजीसाहेबांनी व्याह्यांना मुद्दाम बोलावून पुन्हा देवळात नेले. व्याही म्हणाले, “आता बरी पळते.” दाजीसाहेब म्हणाले, “प्रोफेसरांनी एक सुधारणा सांगितली.” गाडी अशी दोन महिने पळाली. दर खेपेला आत थोडे थोडे जळत होते, आणि ते पाहणारे डोळे आम्ही काढून दुसरीकडे लावले होते.

पौषात एका सकाळी अंजनाला कळा सुरू झाल्या. दाजीसाहेब स्वतः कारखान्याच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी आपली शाल काढून मागच्या सीटवर अंथरली. ते असेच होते, हेही लिहिले पाहिजे. भिकाजीला म्हणाले, “दाब. काट्याची काळजी आता नाही.”

भिकाजीने दाबली. त्याची नजर रस्त्यावर आणि काट्यावर, अशी आळीपाळीने होती. मागे अंजना आणि तिची आई. सातव्या वळणावर इंजिनातून खडखड आवाज आला. मागे निळसर पांढरा धूर झाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा चालू झाली नाही. सकाळचा दुधाचा टेम्पो आधीच वर गेला होता. तो रिकामा होऊन परत येईपर्यंत सव्वा तास गेला. टेम्पोवाल्याने तिथेच गाडी वळवली, मागच्या फळ्यांवर अंजनाला घेतले आणि वर नेले.

अंजना वाचली. मूल वाचले नाही. मुलगी होती.

कासमने इंजिन उघडले. तिसऱ्या पिस्टनला वरून रुपयाएवढे भोक पडले होते. भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळल्या होत्या. त्याने तो पिस्टन फडक्यावर ठेवून दाजीसाहेबांच्या कचेरीत नेला. तिथे गावातली चार माणसे जमली होती. प्राध्यापक संक्रांतीला आला होता, तोही होता. त्याच खुर्चीवर.

दाजीसाहेबांचे डोळे लाल होते. दुःख खरे होते. खरे दुःख झालेल्या माणसाला ते कुठेतरी टेकवावे लागते. ते म्हणाले, “काटा सांगत होता सगळं ठीक आहे. मग इंजिन वितळलं कसं? मिस्त्री, सेन्सर बसवताना तुझीच काहीतरी चूक झाली.”

“काट्यानं खरंच सांगितलं,” कासम म्हणाला. “पण तो धुराड्याचं सांगत होता, भट्टीचं नाही.” मग तो वळला. “सर, तुम्ही सांगा.”

सगळे प्राध्यापकाकडे बघू लागले. भिकाजी दाराशी उभा होता. त्याने कोणाला दोष दिला नाही. तो फक्त म्हणाला, “काटा पाचशे ऐंशीवर होता, सर. मी बघतच होतो. रेघेला लागला असता तर मी पाय उचलला असता. हळू का होईना, पोचलो असतो.”

प्राध्यापकाला पुन्हा ते पान दिसले, आकृतीसकट. तो म्हणाला, “अशा बिघाडाला अनेक कारणे असू शकतात.”

हे वाक्य चुकीचे नव्हते. त्याने आयुष्यात फारशी चुकीची वाक्ये उच्चारली नाहीत.

कासमने पिस्टन फडक्यात गुंडाळला. जाताना दाजीसाहेबांना म्हणाला, “तो सेन्सर काढून नेऊ का?”

“ने बाबा. अपशकुनी आहे तो.”

पुढे गावातल्या लोकांनी कासमकडे गाड्या नेणे बंद केले. पावसाळ्याआधी तो शेड मोडून निघून गेला. भिकाजीने गाडी चालवणे सोडले आणि भट्टीवर कामाला लागला. दाजीसाहेबांनी गावासाठी नवी गाडी घेतली. तिच्यात उष्णतेचा काटाच नव्हता. गावाला ती जास्त आवडली.

प्राध्यापक शहरात परत गेला. त्या वर्षी तो धडा शिकवताना त्याने मुलांना सांगितले, “सेन्सर नेहमी टर्बोच्या अलीकडे.” मुलांनी लिहून घेतले. वर्गात ते बोलायला त्याला काहीच जड गेले नाही.

आता ‘तो’ पुरे. बारा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी कासमला शोधून काढले. हमरस्त्यावर त्याचे गॅरेज होते. मला वाटले होते तो ओळख दाखवणार नाही, किंवा ती एवढी कडवट दाखवील की मला परत फिरता येईल. तो म्हणाला, “या सर. चहा घ्या. बिनसाखरेचा लागत असेल आता.”

मी विचारायच्या आतच त्याने सांगितले, की तो सेन्सर त्याच्या पाण्याच्या टँकरवर आहे, टर्बोच्या अलीकडे, ते गाव सोडले त्या वर्षापासून. टँकरला टर्बो होताच. मी शहरातून दुसरा सेन्सर आणला होता. तो आम्ही पलीकडे बसवला आणि भरलेला टँकर घेऊन खांबोळीच्या घाटाखाली गेलो. सपाट रस्त्यावर दोन काट्यांतला फरक पंच्याण्णव. म्हणजे माझे शंभर बरोबर होते. मग घाट लागला. मी वळणे मोजत होतो. सातव्या वळणावर अलीकडचा काटा सातशे वीस, पलीकडचा पाचशे दहा. फरक दोनशे दहा. भिकाजीच्या पाचशे ऐंशीत दोनशे दहा मिळवले की किती होतात, ते तिसरीतले मूल सांगेल. कासमने रेघ पाहून पाय उचलला. टँकर हळूहळू वर चढला. घाटाला तेरा वळणे आहेत.

वर पोचल्यावर इंजिन निवेपर्यंत आम्ही एका दगडावर बसलो. मग मी पाना मागितला आणि जुना सेन्सर स्वतः काढला. त्याने कांडी धरली. काजळीने काळी झाली होती. मी टोक अंगठ्याने पुसले. बारा वर्षे भर आगीत राहून ते जसेच्या तसे होते. तुटले नव्हते, वाकलेसुद्धा नव्हते.

तात्पर्य, माझ्याच्याने निघाले तेवढे: आच जिथे आहे तिथेच ती मोजावी, काटा लाल रेघेला लागला तरी, आणि ज्याला ती जागा ठाऊक आहे, त्याने विचारल्यावर दोन्ही जागांचे फायदे सांगू नयेत.